काट्यातला पासंग

जामनेर
२ जुलै १९९१

लोटन भावजी,

सडा टाकून झाला होता. दोन भाकरी तव्यावरून उतरल्या होत्या आणि कळण्याच्या पिठाचा तिसरा गोळा मी परातीत थापत होते. दुधाचं पातेलं चुलीच्या कडेला सरकवून ठेवलं होतं, कारण हे बाहेर जीप सुरू करत होते आणि जीप सुरू झाली की लगेच चहा लागायचा. तेवढ्यात काळा धूर खिडकीतून आत आला. मी ओरडले, "भाकरीला डिझेलची फोडणी देता का?" ते फडक्याला हात पुसत दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "बसेल जागेवर. या वेळी नोझल मी स्वतः लावलीत. धुळ्याच्या गॅरेजात लोटनकडे गिऱ्हाईक होतं. म्हणाला, आबा, घरचं काम आहे, तुम्हीच टेस्टरवर करून घ्या. काटा बरोबर पुस्तकातल्या आकड्यावर आणला." मग उभ्यानेच भाकरी आणि ठेचा खाल्ला. स्टोव्हसाठी रॉकेलची रिकामी कॅन मागून घेतली, येताना रेशनवाल्याकडून भरून आणतो म्हणाले. मी उरलेलं पीठ झाकलं, भांडी घासायला बाहेर काढली.

तुमच्या आबांची ती शेवटची सकाळ. तिच्यात वेगळं काही नव्हतं, म्हणून मला ती सगळी आठवते.

पत्राच्या वर आशीर्वाद लिहिलेला नाही, तो विसरून राहिलेला नाही. मोठ्या वहिनीने धाकट्या दिराला अनेक आशीर्वाद लिहायचे असतात हे मला ठाऊक आहे. माझ्याजवळ होते तेवढे मी तुमच्या लग्नात दिले. उरलेले दहाव्याला कांग नदीच्या काठी संपले.

त्या दिवशी काठावर सगळं गाव होतं. नाल्याच्या चढावर जीप बंद पडली, ब्रेक धरले तरी ओल्या मुरमावर चाकं मागे सरकत गेली, यांनी आत बसलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना उड्या मारायला लावलं आणि स्वतः स्टेअरिंग धरून बसले, म्हणजे जीप खाली उडी मारलेल्यांच्या अंगावर जाऊ नये, आणि तिच्यासकट नाल्यात गेले. हे झुलालने तोवर दहा जणांना सांगितलं होतं. झुलाल स्वतः त्या जीपमध्ये होता. लोक यांचं नाव चांगल्या तोंडाने घेत होते. आणि पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे असताना तुम्ही बोललात, "आबा डिझेलमध्ये रॉकेल घालायचे. मी किती वेळा सांगितलं. नोझल जळाली, म्हणून चढावर इंजिन मेलं." कुणीतरी विचारलं, खरं का? तुम्ही म्हणालात, "जीपमध्ये कॅन सापडली ना?"

ती कॅन माझ्या स्टोव्हची होती. मी तिथंच सांगितलं. पण नवरा मेलेली बाई दहाव्याला काय बोलते ते कोण ऐकतं? रॉकेल घालणारे ड्रायव्हर पुष्कळ आहेत, त्यामुळे लोकांना ते लगेच पटलं. कावळा शिवला तेव्हा लोक कुजबुजत होते.

आता तोच झुलाल चावडीवर म्हणतो, "चार पैशांच्या रॉकेलवर आमचा जीव टांगला होता त्यानं." ज्याचा जीव यांनी वाचवला तो हे म्हणतो. त्याच्यावर मी रागावत नाही. त्याला हे तुम्ही शिकवलं.

पोळ्याच्या आधी वर्षश्राद्ध आहे. तीच माणसं जेवायला येतील. तुम्ही त्यांच्यासमोर सांगायचं की रॉकेलची गोष्ट खोटी होती. तुमचं म्हणणं खरं असेल तर मला दाखवा. जीप अंगणात जशीच्या तशी उभी आहे. नोझल तिच्यातच आहेत. मी ती तपासून घेणार आहे.

यशोदा अभिमन महाजन


जामनेर
१९ जुलै १९९१

लोटन भावजी,

तुमचं कार्ड मिळालं. उघड्या कार्डावर लिहिलंत, म्हणजे पोस्टमननेही वाचलं. "जे झालं ते झालं. जीप उभी राहून सडेल. मी माणूस पाठवतो, ओढून धुळ्याला आणतो. नोझल उघडू नका, ते बायामाणसांचं काम नाही." बाकी सगळे खुशाल आहेत हेही लिहिलंत. बरं वाटलं.

कार्डाच्या मागोमाग माणूसही आला, ट्रॅक्टर घेऊन. मी देवघरात होते. त्याने विचारलंसुद्धा नाही, सरळ जीपला साखळी बांधायला लागला. आमच्या शेजारी कमलबाईंची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून डिझेल इंजिनचं हँडल त्याच मारतात, त्यांचा दंड तुम्ही पाहिलेला नाही. त्या पिठाने पांढऱ्या झालेल्या तशाच बाहेर आल्या.

"कोठे चालना रे भो?"

"जीप ओढाले. लोटनशेठनी सांगं."

"लोटनशेठले सांग, आधी मन्ही गिरणी ओढी ली जाय. मंग जीपले हात लाव."

तो हसला. त्याला वाटलं गंमत आहे. कमलबाई ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला टेकून बसल्या आणि सूप घेऊन तिथंच ज्वारी पाखडायला लागल्या. माणूस गेला. साखळी विसरून गेला. ती मी ठेवली आहे, श्राद्धाला याल तेव्हा घेऊन जा.

मग मी नोझल तपासणारा शोधायला जळगावला गेले. इंजिन काय जुनंच आहे, त्याचं काम करणारे तिथे तीन-चार आहेत. पहिल्याने विचारलं, काम कोणाचं? मी तुमचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "इंजिनाच्या पंपावर लोटनशेठचं शिशाचं सील असेल."

मी म्हटलं, "आहे. पण मला पंप उघडायचा नाही. नोझल काढून फक्त टेस्टरवर लावून बघा."

"बाई, एकाचं सील असलं की दुसरा त्या गाडीला हात लावत नाही. धंद्याची रीत आहे."

"नोझलला कुठे सील आहे?"

"पंपाला आहे ना? गाडी एकच." मग पोराला चहा सांगितला आणि मला म्हणाला, "लोटनशेठ तुमचे दीर ना? मग घरचं भांडण घरात मिटवा."

दुसराही तेच म्हणाला. तिसऱ्याने तर दाराची पाटी उलटी केली. तुमचा मान मोठा आहे भावजी. शिशाच्या एका थेंबात केवढा मान मावतो ते मी जळगावला पाहिलं.

पण रीत दुसऱ्याच्या गाडीला हात न लावण्याची आहे. माझ्याच गाडीला मी हात लावू नये, अशी रीत कुठल्या गावात नाही. म्हणून मी ठरवलं, टेस्टर विकत घ्यायचा. नवा मला झेपणार नाही. जुना बघेन. वापरायचा कसा ते मला थोडंफार माहीत आहे. धुळ्याला आपण एकत्र होतो तेव्हा तुम्ही दोघं कामाला बसायचात आणि मी चहा घेऊन आले की हे मला दाखवायचे: दांडा दाबला की काटा चढतो, ठरल्या आकड्यावर नोझल उघडतं, चांगलं नोझल धुक्यासारखं उडवतं आणि किर्र आवाज करतं. बिघडलेलं थुंकतं. म्हणायचे, "फवाऱ्यासमोर बोट कधी धरू नको, कातडीत घुसतं." तुम्ही तेव्हा हसायचात, वहिनीला मिस्त्री करता का म्हणून.

उरलेलं मी पुस्तकातून वाचते आहे. स्टँडवरच्या दुकानात डिझेल मेकॅनिकचं हिंदी पुस्तक मिळालं. मी शाळेत गेले नाही हे तुम्ही लोकांना सांगत असता. खरं आहे. मी पुड्यांचे कागद वाचत वाचत शिकले, म्हणून कागद कसाही असो, मला त्याची भीती वाटत नाही.

यशोदा अ. महाजन


जामनेर
४ ऑगस्ट १९९१

लोटन भावजी,

मी धुळ्याला येऊन गेले. तुमच्याकडे आले नाही. रिक्षा तुमच्या गॅरेजवरून गेली, तुम्ही बाहेर खुर्चीवर बसून कुणाशी तरी हसत होतात. पोट सुटलंय तुमचं.

कमलबाई सोबत होत्या. भंगार बाजारात दोन दुकानं फिरलो, तिथे टेस्टर म्हणून आम्हाला फवारणीचा पंप दाखवला. तिसरा जीवराम म्हणून म्हातारा. गियरच्या ढिगावर गोणपाट टाकून बसला होता.

"काय पाहिजे, अक्का?"

"नोझल टेस्टर आहे का?"

त्याने आम्हा दोघींकडे नीट पाहिलं. "कसाले? पापड लाटाले?"

कमलबाई म्हणाल्या, "हां. तुन्हा तोंडवर लाटसू."

म्हातारा इतका हसला की त्याला खोकला आला. मग उठून आत गेला आणि गोणपाटात गुंडाळलेलं एक काढून आणलं. लोखंडी बैठक, वर तेलाचा छोटा डबा, लांब दांडा, दाब दाखवणारं गोल घड्याळ. सगळं काळ्या ग्रीसने माखलेलं. म्हणाला, "हाई देखा. बठ्ठं चालू शे. नुसता काटा जरासा आळशी शे, खाले बसत नही."

"सगळं चालू, आणि काटा बसत नाही? म्हणजे बिघडलेलं आहे."

"बिघडेल नही व माय. म्हतारं व्हयनं. मी बी बसना की लवकर उठत नही, तो बसतच नही."

मी विचारलं, "कुणाचं होतं हे?"

तो एकदम दुसरीकडे बघायला लागला. "अक्का, भंगारले बाप नही ऱ्हास."

कमलबाईंनी दांडा दाबून पाहिला. दाब धरत होता, तेल कुठून गळत नव्हतं. जीवरामने मोठी किंमत सांगितली, कमलबाईंनी त्याला त्याच्या बायकोचं नाव विचारलं, मुलं किती, सुना कशा, आणि विधवा बाईला लुबाडून त्यांच्यापुढे ताटावर कसा बसणार, एवढं सगळं विचारलं. शेवटी तो म्हणाला, "ली जाय. पन हाई बाईले पुन्हा आनू नको."

गोणपाटासकट आम्ही ते एसटीच्या टपावर चढवू दिलं नाही. कंडक्टर म्हणाला, हे काय, शिवणयंत्र? कमलबाई म्हणाल्या, "हो. तोंडं शिवायचं." जामनेरपर्यंत ते दोघींच्या मांडीवर होतं. माझं लुगडं खराब झालं, ग्रीस निघाला नाही.

घरी आणून रॉकेलने धुतलं. हो, रॉकेलनेच. धुताना मला त्याच्यावर काहीतरी दिसलं. ते मी आज लिहीत नाही. आधी काम पुरं करते.

यशोदा अ. महाजन


जामनेर
११ ऑगस्ट १९९१

लोटन भावजी,

आता लिहिते.

बैठकीच्या खाचेत, बोल्टच्या मागे, जिथे फडकं पोचत नाही तिथे, कुंकू निघालं. ग्रीसखाली दबून राहिलेलं, अजून लाल. आणि उजव्या कोपऱ्याची कड उडालेली आहे.

ते कुंकू माझ्या बोटांचं आहे.

तुम्हाला आठवण द्यायची गरज नाही, पण मी देते. हा टेस्टर नवा आला त्या वर्षीची खंडेनवमी. गॅरेज तेव्हा तुमचं नव्हतं, आपलं होतं. पाने, हातोड्या, जॅक सगळं धुऊन पाटावर मांडलं होतं, मधोमध हा टेस्टर. मी हळदकुंकू वाहिलं, पाची बोटं टेकवून. नारळ फोडायचा मान मोठ्याचा. उंबऱ्याच्या दगडाला तडा गेला होता, तेव्हा हे म्हणाले, "पहिलं वर्ष आहे, हिच्याच पायाशी फोडतो," आणि बैठकीच्या कोपऱ्यावर मारला. पहिल्यांदा फुटला नाही. दुसऱ्यांदा यांनी सगळ्या जोराने मारला. नारळ फुटला आणि काटा एकदम उडून खाली आला. तुम्ही ओरडलात, "आबा, मशीन दचकलं!" सगळे हसलो. पाणी तुम्हीच सगळ्यांच्या तळहातावर दिलंत.

पुढच्या वर्षी तुम्ही उंबऱ्याचा दगड नवा बसवला होता. म्हणालात, "आबा, यंदा उंबऱ्यावर फोडा." मला तेव्हा वाटलं, दगड नवा म्हणून. टेस्टरवर तेव्हापासून तुम्हीच बसायचात, आणि नंतर आम्ही जामनेरला आलो.

काटा शून्यावर येत नाही, भावजी. दाब नसताना तो तीसवर उभा राहतो. मी कितीदा टिचक्या मारल्या, तरी तीसवरच. मला आधी त्याचा अर्थ लागेना. कमलबाईंनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "अवं, हाई ते पासंग शे. रिकामी तागडी आधीच झुकेल शे." त्यांच्या गिरणीतल्या तराजूला पासंग आला की त्या दुसऱ्या पारड्याला खडा बांधतात. तुम्हीही बांधला होता. घड्याळाच्या पितळी कडेवर, बरोबर तीससमोर, कानशीने केलेली एक रेघ आहे आणि तिच्यात लाल रंग भरलेला आहे. ती रेघ नवीन नाही, तिच्यावरही मळ चढला होता. म्हणजे तुम्हाला कधीपासूनच माहीत होतं. रोज गिऱ्हाइकांची नोझल लावताना तुम्ही मनात तीस मिळवत होता. तुमचं काम चोख होतं. कुणाची गाडी चढावर थांबली नाही.

मग मी जीपची नोझल काढली. कमलबाईंनी पाना धरला, मी चारही काढली. एकेक टेस्टरला लावलं आणि दांडा दाबला. चारही नोझलनी धुकं उडवलं, पातळ, सारखं, किर्र आवाज करत. एकही थुंकलं नाही. पुस्तकात लिहिलं आहे की रॉकेलवर चाललेलं नोझल कोरडं पडतं, आत ओरखडे येतात, ते अडकतं आणि थेंब टाकतं. यांच्या नोझलमध्ये एक ओरखडा नाही. रॉकेल त्यांनी कधी घातलं नव्हतं. ते मला ठाऊक होतं, आता लोखंडालाही विचारून झालं.

आणि चारही नोझल उघडली ती घड्याळातल्या बरोबर पुस्तकी आकड्यावर. "काटा बरोबर पुस्तकातल्या आकड्यावर आणला." ते खरं बोलत होते. त्यांनी घड्याळावर विश्वास ठेवला. पण काट्यात तीसचा पासंग होता, म्हणून नोझल तीसने ढिली राहिली. सकाळचा काळा धूर त्यामुळे होता. माणसं भरून नाल्याचा चढ लागला तेव्हा इंजिनाला दम उरला नाही, तेही त्यामुळेच.

मी पुष्कळ विचार केला, की तुम्ही त्यांना का सांगितलं नाहीत. सोपं होतं. "आबा, काटा तीसने पुढे आहे." एवढंच. गिऱ्हाईक सोडून उठायचीही गरज नव्हती, खुर्चीवरून ओरडून सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कधीपासून? आणि मग तो नारळ निघाला असता. मोठ्या भावाला त्याची चूक तोंडावर दाखवायची नाही, सासूबाईंनी हे तुम्हाला लहानपणापासून शिकवलं. आबांच्या पुढे तुम्ही कधी खाटेवर बसला नाहीत, कधी विडी ओढली नाहीत. इतकी वर्षं ती रेघ तुम्ही त्यांच्यापासून झाकलीत. मी हे समजू शकते. इथपर्यंत मी तुम्हाला वाईट म्हणत नाही.

पण पुढचं? जिवंत असताना त्यांना 'तुम्ही मशीन बिघडवलं' म्हणायला तुमची जीभ वळली नाही. मेल्यावर 'रॉकेल घालायचे' म्हणायला वळली, आणि तेही पिंडासमोर. नंतर टेस्टर गोणपाटात गुंडाळून भंगारात टाकलात. पूजलेलं हत्यार विकत नाहीत, हेही सासूबाईंनीच शिकवलं होतं. ते विसरलात.

मी तुमच्याकडे एकच मागते. श्राद्धाला या आणि चार माणसांत एवढं सांगा, "रॉकेल नव्हतं. माझी समजूत चुकली." बस्स. काट्याचं मी बोलणार नाही. तुमचा धंदा आहे, पोरं आहेत. टेस्टर मी माळ्यावर टाकेन आणि कमलबाईही बोलणार नाहीत, मी त्यांच्याकडून गिरणीच्या जात्यावर हात ठेवून वचन घेतलंय. नारळाचंही कुणाला कळणार नाही. तुमचं झाकलेलं राहील आणि त्यांचंही.

एवढं सोपं दुसरं कुणी तुमच्यासाठी करणार नाही.

यशोदा


जामनेर
६ सप्टेंबर १९९१

लोटन भावजी,

तुमच्या समोर झालेलं तुम्हालाच लिहिते, कारण तुम्ही जेवून लगेच निघालात आणि वाटेत स्वतःला काही वेगळं सांगितलं असेल.

तुम्ही आलात, मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. पांढरा सदरा घालून आलात, यांच्या फोटोला वाकून नमस्कार केलात, डोळे पुसलेत. ते डोळे खरे होते असं मी अजून मानते. मी तुम्हाला पहिल्या पंगतीत बसवलं, झुलालच्या शेजारी. मुद्दाम. वरणबट्टी तुम्हाला आवडते म्हणून बट्ट्यांवर तूप मी स्वतः वाढलं. वाढताना हळूच म्हटलं, "भावजी, आता बोला." तुम्ही मान हलवलीत.

मग झुलालनेच तोंड उघडलं, म्हणजे तुम्हाला वाटही करून दिली. "लोटनशेठ, आता तरी जीप चालू करनात का? अंगनमां कोंबडा बठतस तिन्हावर."

बट्टीचा घास तोंडात होता. तो गिळून तुम्ही म्हणालात, "रॉकेलनं जळेल इंजिन ते. कसं चालू व्हई?"

आणि दोघं-तिघं हसले. माझ्या घरात, त्यांच्या श्राद्धाच्या पानावर बसून. मी तुपाची वाटी खाली ठेवली. दुसऱ्या पंगतीला तूप कमलबाईंनी वाढलं.

जाताना तुम्ही मला दारात म्हणालात, "वहिनी, लोकांना एक गोष्ट माहीत झाली आहे. ती आता कशाला बदलायची? मेलेल्याला काय फरक पडतो?" मी पत्रावळी उचलायला वळले. तुम्हाला वाटलं मी मानलं. साखळी मात्र आठवणीने घेऊन गेलात.

फरक पडतो, भावजी. मेलेल्या माणसाजवळ नावाशिवाय दुसरं काही नसतं, आणि ते नाव रोज माझ्या अंगणावरून जातं.

मला एकच अडचण होती. तुमचं झाकायचं नाही म्हटलं की त्यांचंही उघडं पडतं. नारळ त्यांनी फोडला, काटा त्यांच्या हाताने बिघडला, नोझल त्यांनी स्वतः लावली. ते सांगायचं की नाही, यावर मी खूप वेळ बसून होते. अर्धंच सांगितलं असतं तर तुमच्यात आणि माझ्यात काय फरक राहिला असता? त्यांनी जे केलं ते देवापुढे केलं, सगळ्यांसमोर केलं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. लपवलं तुम्ही.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. कमलबाईंनी गिरणी बंद ठेवली. गिरणीच्या ओट्यावर मी पाट मांडला, पाटावर टेस्टर ठेवला आणि शेजारी चार नोझल. लोक दळण घेऊन आले आणि तिथंच थांबले. मी झुलालला निरोप पाठवला होता, तोही आला, हात मागे बांधून. मी त्याला सांगितलं, "दांडा तू दाब." तो म्हणाला, "माले काय कळस त्यामां?" कमलबाई म्हणाल्या, "चावडीवर बोलाले कळस, इथं दाबाले नही कळस का?" लोक हसले. त्याने दांडा दाबला. धुकं उडालं. त्याने बोट पुढे केलं, मी त्याचं मनगट धरून मागे ओढलं. चारही नोझल त्याच्याच हाताने दाबवली. मग मी घड्याळ दाखवलं, दाब नसताना काटा कुठे थांबतो ते दाखवलं, कानशीची रेघ दाखवली, खाचेतलं कुंकू दाखवलं. खंडेनवमीचा नारळ सांगितला. तुम्ही खुर्चीवरून उठला नाहीत तेही सांगितलं. कुठेही आवाज चढवला नाही. एका म्हातारीने विचारलं, "मंग रॉकेल?" मी म्हटलं, "ते माझ्या स्टोव्हचं." झुलाल घड्याळाकडे बघत उभा राहिला, मग डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली.

बाजार उठल्यावर मी चारही नोझलचे स्क्रू आवळले, तीस मिळवून. कमलबाईंनी पाना धरला, मी ती जीपला बसवली. झुलालने ट्रॅक्टरची बॅटरी आणून दिली. मी किल्ली फिरवली. इंजिन लागलं, थोडा धूर आला, मग धूर थांबला.

यशोदा अभिमन महाजन